चिमूटभर डिंकाची गोष्ट

दिवाळी अंकात मराठीच्या प्राध्यापकाने काय लिहावे, याविषयी काही संकेत ठरून गेलेले आहेत. एखाद्या विस्मृतीत गेलेल्या कवीवर लिहावे, फार तर आपल्या गावच्या नदीवर लिहावे. विज्ञानावर लिहिण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही. मला तर नाहीच नाही. दहावीनंतर मी शास्त्राची वाट सोडून कलाशाखेकडे वळलो, तेव्हा आमच्या विज्ञानाच्या गुरुजींनी ‘दोघांचंही भलं झालं’ असे उद्गार काढले होते. दोघांचे म्हणजे माझे आणि विज्ञानाचे!

तरीही यंदा मी वाचकांना गोष्ट सांगणार आहे ती काजळीच्या, सोन्याच्या आणि कॅडमियम नावाच्या धातूच्या अतिसूक्ष्म कणांची. आणि त्या कणांना सांभाळणाऱ्या डिंकाची. ती मलाच सांगावी लागते याला कारण आहे. या कणांपायी आमच्या घरात एका उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंत अबोला होता.

ठिणगी

आमची कन्या रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाली. शेवटच्या परीक्षेच्या सुमारास तिला एका औषधाच्या कारखान्यात नोकरी चालून आली. घरापासून लोकलने चाळीस मिनिटांचे अंतर, पगार बरा, शनिवार-रविवार सुट्टी. आमच्यासारख्या मध्यमवर्गीय बापाला देवाकडे याहून अधिक काय मागायचे असते? मी पेढे आणले. पेढ्यांचा पुडा सुटण्यापूर्वीच कन्येने सांगितले, की नोकरी ती स्वीकारणार नाही. परगावच्या एका संशोधनसंस्थेत पाच वर्षे राहून ती पीएच.डी. करणार.

“कशावर?” मी विचारले.

“नॅनोकणांवर. त्यांच्यावर पॉलिमरचं कवच कसं चढवायचं, त्यावर.”

‘तुकारामांवर’ म्हणाली असती तर मी दोन प्रश्न तरी विचारले असते. इथे मला प्रश्न विचारण्याइतकेही कळत नव्हते. न कळणाऱ्या माणसाने जे करू नये तेच मी केले. दोन दिवस वाचनालयात बसून वाचले आणि त्यातले भीती वाटण्यासारखे तेवढे उचलले. हे कण पुष्कळदा कॅडमियमच्या संयुगांचे असतात असे मला आढळले. कॅडमियम म्हणजे विष. जपानमधल्या तोयामा परगण्यात खाणीतले कॅडमियम जिंझू नदीत उतरले, नदीचे पाणी भातखाचरांत गेले, आणि तिथल्या लोकांची, विशेषतः वयस्क बायकांची, हाडे इतकी ठिसूळ झाली की वेदनांनी त्या कण्हत राहत. त्यांच्या कण्हण्यावरूनच रोगाला ‘इताई-इताई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ असे नाव पडले. १९६८ साली जपान सरकारने या रोगाचे मूळ कॅडमियममध्ये असल्याचे मान्य केले. हे सारे मी घरी येऊन न्यायाधीशाच्या सुरात वाचून दाखवले आणि निकाल दिला, “मी परवानगी देणार नाही.”

कन्या शांतपणे म्हणाली, “बाबा, मी परवानगी मागत नव्हते. तुम्हाला कळावं म्हणून सांगत होते.”

झाले! त्या दिवसापासून आमचे बोलणे माझ्या आईच्या मार्फत होऊ लागले. “आजी, बाबांना सांग, चहा झालाय.” “आई, तिला म्हणावं, मी घेतला.” आई ऐंशीच्या घरातली. दोन्हीकडचे निरोप तोंडात सुपारी धरावी तसे धरून बसे आणि पोहोचवत मात्र नसे. चहा निवून जाई.

दुकानातला ठिपका

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी आईने रिवाजाप्रमाणे पोथ्या पाटावर मांडल्या. त्यांत माझ्या पणजोबांनी स्वहस्ते उतरलेली ‘पांडवप्रतापा’ची पोथी असते. हळदकुंकू, आपट्याची पाने, झेंडूचे फूल, असे सारे यथासांग झाले. दुपारी आम्ही सहकुटुंब दूरदर्शन संच घ्यायला बाहेर पडलो, कारण जुन्या संचाने नवरात्रातच डोळे मिटले होते.

दुकानातला तरुण विक्रेता एका भल्यामोठ्या संचापुढे आम्हाला घेऊन गेला आणि म्हणाला, “हा घ्या साहेब. क्वांटम डॉट आहे!”

“म्हणजे काय?”

“म्हणजे रंग चांगले दिसतात.”

“ते दिसतंय. पण म्हणजे काय?”

विक्रेत्याने मदतीसाठी इकडेतिकडे पाहिले. तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला, “बाबा, मी ज्याच्यावर काम करणार आहे ना, ते हे.”

कित्येक महिन्यांत ‘बाबा’ हा शब्द मला उद्देशून प्रथमच उच्चारला गेला होता. संच मी साधाच घेतला, कारण त्या ठिपक्यांची किंमत माझ्या कुवतीपलीकडची होती. परतताना रिक्षात मात्र मी माझ्या परीने तहाचा पहिला शब्द टाकला. “ठिपका केवढा असतो?” मी विचारले.

“नखं वाढतात ना आपली, ती दर सेकंदाला साधारण एक नॅनोमीटर वाढतात. ठिपका तसा दोन ते सहा नॅनोमीटरांचा.”

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले म्हणजे त्यातला एक भाग नॅनोमीटर, हे मला नंतर समजले. त्या क्षणी मी फक्त माझ्या नखांकडे पाहिले.

पणजोबांची शाई

घरी आलो तेव्हा पाटावरच्या पोथ्या अजून उचललेल्या नव्हत्या. कन्येने पणजोबांची पोथी हाती घेतली आणि म्हणाली, “आजी, ही शाई कशी करायचे गं?”

आईने लहानपणी आपल्या आजोबांकडे पाहिलेली रीत सांगितली. दिव्यावर मातीची पणती उपडी धरून काजळी जमवायची. बाभळीचा डिंक भिजत घालायचा. मग काजळी आणि डिंकाचे पाणी एकत्र करून खलात घोटत राहायचे. एक दिवस नव्हे, चांगले चार-चार दिवस. घोटणाऱ्याचा हात दुखला म्हणजे शाई झाली!

लेखनाच्या साहित्याची ही आस्था आपल्याकडे जुनीच. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेचा आहे आणि त्यात समर्थांनी अक्षराच्या वळणापासून बरूपर्यंत सारे बारकाईने सांगितले आहे. तो समास मी वर्गात अनेकदा शिकवला आहे. परंतु शाईत डिंक का घालतात, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ‘चिकटावी म्हणून’ असे मी म्हणालो असतो.

“चिकटावी म्हणून नाही, बाबा,” कन्या म्हणाली. “म्हणजे कागदाला चिकटावी म्हणून आहेच. पण त्याआधी, चिकटू नये म्हणून!”

मी बुचकळ्यात पडलो. तेव्हा तिने बोलणे थांबवून प्रयोगच केला. स्वयंपाकघरातली डिंकाची बरणी काढली. डिंकाच्या लाडवांसाठी आमच्या हिने राखून ठेवलेला तो ऐवज. “हा धावड्याचा की बाभळीचा?” असे तिने विचारले, तेव्हा तिच्या आईने मोठ्या संशयाने उत्तर दिले, “दोन्ही आहेत. का?” धावड्याचा डिंक पाण्यात पुरता विरघळत नाही, म्हणून बाभळीचा निवडला. समईवर बशी धरून काजळी जमवली. दोन बाटल्या घेतल्या. एकीत काजळी आणि नुसते पाणी. दुसरीत काजळी आणि डिंकाचे पाणी, खलात तासभर घोटून. घोटण्याचे काम माझ्याकडे आले. दोन्ही बाटल्या खिडकीत ठेवून आम्ही निजलो.

सकाळी पाहतो तो, पहिल्या बाटलीतली काही काजळी वर तरंगत होती, काही तळाशी बसली होती आणि मधले पाणी निवळले होते. दुसरी बाटली मात्र अमावस्येच्या रात्रीसारखी वरपासून खालपर्यंत काळीभोर. चिमूटभर डिंकाने हे घडवले होते.

ते घडते असे. काजळीचा मूळ कण वीस ते पन्नास नॅनोमीटरांचा. पाण्यात तो एकटा सुखाने राहत नाही. पाण्याचे रेणू त्याला सारखे धक्के देत असतात. धक्क्यांनी दोन कण जवळ आले, की परस्परांच्या आकर्षणाने एकमेकांना बिलगतात. दोनाचे चार, चाराचे चाळीस, असे गठ्ठे होतात आणि गठ्ठा जड झाला की बुडतो. डिंकाचे रेणू लांबच लांब, फांद्या फुटलेल्या दोऱ्यांसारखे असतात. ते कणाला धरून बसतात आणि त्यांची मोकळी टोके पाण्यात झालरीसारखी पसरतात. मग दोन कण जवळ आले तरी झालर आड येते. पावसाळ्यात स्टेशनच्या जिन्यावर दोन माणसे उघड्या छत्र्या घेऊन समोरासमोर आली, म्हणजे एकमेकांच्या खांद्याला खांदा लागत नाही, तसेच हे.

असे लांब दोऱ्यांचे रेणू म्हणजेच पॉलिमर. मराठीत त्याला बहुवारिक असा शब्द आहे. तेव्हा माझ्या पणजोबांनी माजघरात बसून जे घोटले, ते बहुवारिकाचे कवच चढवलेले नॅनोकण होते! हे मी थट्टेने म्हणत नाही. पिएर-जिल द जेन या फ्रेंच शास्त्रज्ञाला १९९१ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर तो फ्रान्सभरच्या शाळांतून मुलांशी बोलत हिंडला आणि आपले शास्त्र समजावून देताना काजळी, पाणी आणि डिंक यांच्या शाईचाच दाखला देत असे.

तांबडे सोने

त्या दिवसापासून आमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर वर्ग भरू लागला. शिक्षक कन्या, विद्यार्थी मी, आणि आई मागच्या बाकावरची.

पहिला धडा सोन्याचा. सोने पिवळे हे आपण जाणतो. पण त्याचे कण दहा-वीस नॅनोमीटरांइतके बारीक केले, तर ते पाण्यात माणकासारखे तांबडे दिसतात, कारण तेवढे कण उजेडातला हिरवा भाग गिळतात आणि तांबडा सोडून देतात. मायकेल फॅरडेने लंडनमध्ये हे तांबडे पाणी तयार केले आणि १८५७ साली त्यावर व्याख्यान दिले. त्याच्या बाटल्या तिथल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवल्या आहेत. फॅरडेच्या असे ध्यानात आले, की त्या पाण्यात मीठ टाकले तर तांबडा रंग जाऊन निळा येतो; पण आधी थोडी जेली घातलेली असली तर मिठाची मात्रा चालत नाही. मिठाने कण एकमेकांना चिकटतात आणि रंग बदलतो. जेली त्यांना चिकटू देत नाही. पुन्हा तीच छत्रीची गोष्ट!

१८६१ साली टॉमस ग्रॅहमने अशा मिश्रणांना ‘कोलॉइड’ असे नाव दिले. ते ‘कोल्ला’ या ग्रीक शब्दावरून आले आहे आणि कोल्ला म्हणजे सरस, डिंकच म्हणा ना! इथे मात्र मला माझ्या विषयाचा आधार सापडला. कोलॉइडला मराठीत ‘कलिल’ म्हणतात. हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात मोहाच्या गढूळपणासाठी आला आहे, हे मी कन्येला सांगितले. ती वही उघडून लिहून घेऊ लागली. बापाला आणखी काय हवे असते?

पुढे १९०१ साली रिचर्ड झिग्मोंडीने या सांभाळण्याच्या शक्तीचे मापच ठरवले. दहा घनसेंटिमीटर तांबडे सोन्याचे पाणी घ्यायचे, त्यात ठरावीक मिठाचे पाणी ओतायचे आणि रंग पालटू नये म्हणून कोणता चिकट पदार्थ किती मिलिग्रॅम लागतो ते मोजायचे. या मापाला ‘सुवर्णांक’ म्हणावे. जिलेटीन एक शतांश मिलिग्रॅमच्या आसपासच पुरते. डिंक त्याहून कितीतरी अधिक लागतो. झिग्मोंडीला १९२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

“हे सगळं ठीक,” आई मागच्या बाकावरून म्हणाली, “पण याचा उपयोग काय?”

“आजी, कोरोनाच्या वेळी घरी नाकातलं घेऊन पट्टीवर टाकायचो, आठवतं? त्या लाल रेघेची वाट बघत बसायचो?”

कसे विसरेल! २०२१ च्या त्या वैशाखात आम्ही चौघे चार खोल्यांत बसून त्या पट्टीकडे टक लावून होतो. अशा अनेक पट्ट्यांवरची लाल रेघ म्हणजे फॅरडेचेच तांबडे सोने असते. सोन्याच्या कणांवर प्रथिनांचे पांघरूण असते. प्रथिने म्हणजेही निसर्गाने घडवलेली बहुवारिकेच. रोगाचा अंश सापडला की ते कण रेघेवर गोळा होतात आणि डोळ्यांना दिसू लागतात. सोन्याचा भाव आठवून आईने ताबडतोब विचारले, “मग त्या पट्ट्या आपण टाकून का दिल्या?” एका पट्टीत सोने इतके अल्प असते की त्यातून नथीतला मणीसुद्धा व्हायचा नाही, हे तिला पटवावे लागले.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर गवती चहाच्या जातीतल्या गवताचा अर्क सोन्याच्या क्षाराच्या पाण्यात मिसळून सोन्याचे चपटे त्रिकोणी नॅनोकण तयार केले. ते काम २००४ साली प्रसिद्ध झाले. गवताच्या अर्कानेच सोने घडते आणि त्याच अर्कातल्या द्रव्यांचे अस्तरही कणांना मिळते. त्या आठवड्यात आमच्या घरी चहात गवती चहाची पाती अंमळ आदरानेच पडली.

रंगांचे ठिपके

आता दुकानातला ठिपका. सोन्याचा कण रंग गिळतो. हा ठिपका रंग देतो. त्याला मराठीत पुंजबिंदू म्हणायला हरकत नाही. कॅडमियम सेलेनाइडसारख्या अर्धवाहकाचा हा कण. गंमत अशी, की द्रव्य तेच ठेवून नुसता आकार बदलला तरी रंग बदलतो. सुमारे दोन नॅनोमीटरचा कण निळसर प्रकाश देतो, सहाचा तांबडा. हे मला सतारीवरून कळले. तार तीच असते. बोटाने दाबून तिची लांबी कमी केली की सूर चढतो. कणातला इलेक्ट्रॉन जितक्या लहान जागेत कोंडावा, तितका त्याचा ‘सूर’ चढतो. आणि प्रकाशाच्या सप्तकात तांबडा खालचा आणि निळा वरचा.

हा चमत्कार प्रथम काचेत दिसला. अलेक्सी एकिमोव्ह यांना तेव्हाच्या सोव्हिएत रशियात १९८१ च्या सुमारास तो आढळला. पाठोपाठ अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत लुई ब्रूस यांना तो द्रवातल्या कणांत आढळला. टेबलावर राहून गेलेल्या कणांचे गुण बदललेले दिसले, म्हणून त्यांना शंका आली, की कण वाढले असावेत. १९९३ साली मौंगी बावेंडी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एकाच मापाचे कण हुकमी तयार करण्याची रीत काढली. या तिघांना मिळून २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. बावेंडींना हार्वर्डमध्ये रसायनशास्त्राच्या पहिल्या परीक्षेत शंभरपैकी वीस गुण पडले होते, असे त्यांनीच सांगितले आहे. आमच्या गुरुजींच्या कानी हे घालण्याची मला फार इच्छा आहे.

दूरदर्शन संचात मागे निळे दिवे असतात. त्यांच्यापुढे बहुवारिकाच्या पातळ पापुद्र्यात लक्षावधी पुंजबिंदू बसवलेले असतात. काही बिंदू निळा प्रकाश घेऊन हिरवा देतात, काही तांबडा. राहिलेला निळा तसाच पुढे जातो. या तिन्हींच्या मिश्रणातून पडद्यावरची पैठणी पैठणीसारखी दिसते. असे संच २०१३ पासून बाजारात आले. पण बिंदू मोठे नाजूक. हवेतला प्राणवायू आणि दमटपणा लागला की ते विझत जातात. म्हणून एकावर एक पांघरुणे. प्रथम झिंक सल्फाइडचे कवच, त्यावर सेंद्रिय रेणूंची झालर, मग बहुवारिकाचा पापुद्रा, आणि पापुद्र्याच्या दोन्ही बाजूंना हवाबंद पडदे.

इथे मी माझा जुना मुद्दा काढला, “आणि कॅडमियम?”

“तुमची भीती खोटी नाही, बाबा,” ती म्हणाली. हे वाक्य ऐकायला मी सहा महिने आसुसलो होतो. “युरोपात विजेच्या वस्तूंमध्ये कॅडमियम वजनाच्या एक शतांश टक्क्याहून जास्त चालत नाही, असा नियम आहे. म्हणून आता पुष्कळ संचांत इंडियम फॉस्फाइडचे बिंदू वापरतात. माझं कामही बिनकॅडमियमच्या कणांवर आहे. तुम्ही विचारलं असतंत तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.”

मी विचारले नव्हते. मी निकाल दिला होता.

चांदीची शाई

शेवटचा धडा दिवाळीच्या चार दिवस आधी झाला. आई कंदिलाला कागद चिकटवत होती. कन्या म्हणाली, “आता शाईवरच परत येऊ. चांदीच्या शाईवर.”

प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर विजेची मंडले छापता यावीत म्हणून चांदीच्या नॅनोकणांची शाई करतात. कण बाटलीत तळाशी बसू नयेत म्हणून त्यांना बहुवारिकाचे कवच लागतेच. त्यावाचून ती शाई शाईच राहत नाही. पण रेघ छापून झाली, की तेच कवच आडवे येते. बहुवारिक वीज वाहू देत नाही. कणाला कण भिडत नाही, तोवर रेघेतून प्रवाह जात नाही. म्हणून छापल्यावर तिला ऊब द्यायची. चांदीची लगड वितळायला ९६२ अंश लागतात. पण हे कण इतके बारीक, की दीडदोनशे अंशांच्या आत-बाहेरच कवच ढळते आणि कण एकमेकांशी जोडले जातात. मग वीज धावते.

“म्हणजे जे सांभाळतं, तेच अडवतं?” मी विचारले.

“हो. कवच नको, असं कोणी म्हणत नाही. कुठं, किती आणि कधीपर्यंत, हाच तर माझा विषय आहे.”

मी काही बोललो नाही. आईने खळीचे बोट पुसले, उठून देवघरातून पणजोबांची पोथी आणली आणि माझ्यापुढे उघडली. “ही पानं बघ,” ती म्हणाली, “इथं डिंक कमी पडला होता, तर अक्षरं उडून गेली. आणि ही बघ, इथं जास्त झाला, तर पावसाळ्यात पानाला पान चिकटलं. सोडवताना दोन्ही फाटली. मधली पानं तेवढी वाचता येतात.” एवढे बोलून ती पुन्हा कंदिलाकडे वळली.

फाटलेल्या पानांवरून मी हात फिरवला. पुष्कळ वेळाने कन्येला विचारले, “तिथं राहायची सोय काय आहे?”

“वसतिगृह आहे.”

“आणि जेवणाचं?”

“आहे, बाबा.”

“बरं,” मी म्हणालो. आमच्या घरात परवानगी अशीच दिली जाते; न मागितलेली असली तरी.

लवंग

जानेवारीत ती गेली. स्टेशनवर मी तिला चार उपदेश करायचे ठरवले होते, दोन गिळले. खिडकीतली डिंकाची बाटली अजून तिथेच आहे. मध्ये तिला वास येऊ लागला, तेव्हा आईने तीत दोन लवंगा टाकल्या. शाई अजून काळीभोर आहे. गेल्या लक्ष्मीपूजनाला वहीच्या पहिल्या पानावरचा ‘श्री’ मी तिनेच काढला, बरूने.

कन्येचा फोन दर रविवारी येतो. पहिले काही महिने तिचे कण तिचे ऐकत नव्हते. “बाबा, आज पुन्हा सगळे तळाशी बसले,” ती रडवेल्या आवाजात सांगे. मी तज्ज्ञाच्या सुरात म्हणे, “डिंक वाढव.” ती हसे. एकदा मात्र म्हणाली, “वाढवून पाहिला, बाबा. आता कमी करून पाहतेय.” श्रावणात तिने एक छायाचित्र पाठवले. अंधाऱ्या खोलीत पाच कुप्या ओळीने उभ्या आणि प्रत्येक कुपी निराळ्या रंगाने पेटलेली, हिरव्यापासून तांबड्यापर्यंत. आईने ते डोळ्यांजवळ धरून पाहिले आणि म्हणाली, “पणत्याच गं बाई!”

वसुबारसेला ती घरी येते आहे. डिंकाचा लाडू खरे म्हणजे थंडीचा. दिवाळीच्या फराळात त्याला मान नाही. पण यंदा आमच्या हिने तो आधीच वळला आहे. बरणीत थोडा डिंक मात्र तिने राखून ठेवला आहे. का, ते विचारण्याचे मला कारण नाही.